लिनेट सिस्टरची उमेदवारी

लिनेट डाऊसला आयुष्यात जे काही भोगावं लागलं, त्यातलं निम्मं तिच्या तोंडामुळे. हे तिचं स्वतःचं मत. तिच्या नवऱ्याला, क्लाइव्हला विचारलं तर तो म्हणतो, निम्मं म्हणजे कमीच सांगतेय.

मास्टर्सचं लचांडही असंच गळ्यात पडलं. इंग्लंडात क्लीथॉर्प्सला समुद्राकाठी तिचं घर, आणि शेजारच्या बंदरगावातल्या सरकारी रुग्णालयात नोकरी. पंचवीसहून जास्त वर्षं ती तिथल्या कॅज्युअल्टीत होती, त्यातली बरीचशी सिस्टर म्हणून. डॉक्टर आले, शिकले, मोठे झाले, निघून गेले, लिनेट जागेवरच. एका सकाळच्या बैठकीत एक नवखा डॉक्टर एका पेशंटबद्दल सांगताना तिसऱ्यांदा अडखळला, तेव्हा ती शेजारणीच्या कानात पुटपुटली, "एवढं तर मलाही जमेल."

पुटपुटली असं तिला वाटलं. लिनेटचं पुटपुटणं वारा बरा असेल तर खाडीपलीकडच्या हल शहरात ऐकू जातं. मेट्रन गिलियननं कागदातून मान वर केली.

"खरंच जमेल?"

"गंमत केली हो."

"मी नाही करत," गिलियन म्हणाली. "बैठक झाली की ये माझ्याकडे."

गिलियनच्या खोलीत सगळं आधीच शिजलेलं होतं. नर्सच्या वरची आणि डॉक्टरच्या अलीकडची एक जागा निघाली होती. पेशंट तपासायचा, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं. त्यासाठी मास्टर्स हवी. तीन वर्षं, आठवड्यातून एक दिवस विद्यापीठात, बाकीचे दिवस इथंच कामावर, कुणातरी डॉक्टरच्या हाताखाली. पगार चालू. फी रुग्णालय भरणार.

"रुग्णालय भरणार?" लिनेटला विश्वास बसेना. "आपल्याकडे कात्रीला धार लावायला पैसे नसतात."

"हा वेगळा गल्ला आहे. मोठ्या मालकांना शिक्षणासाठी कर भरावा लागतो. वापरला नाही तर सरकार परत घेतं."

"म्हणजे उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून पानावर बसवलेली पाहुणी मी."

"तसं समज. फक्त एक आहे," गिलियन जरा खाकरली. "कागदोपत्री तुझा हुद्दा अप्रेंटिस."

अप्रेंटिस म्हटल्यावर लिनेटच्या डोळ्यांसमोर गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेल्या मिस्त्रीला पाने देणारं, नाकाला काळं लागलेलं पोरगं उभं राहिलं. तिला बावन्नावं चालू होतं. गुडघे त्याहून मोठे होते. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि त्यातून "बरं" बाहेर पडलं. तोंडाचा भरवसा नाही तो असा.

घरी तर सोहळाच झाला. कारण घरात एक अप्रेंटिस आधीच होती. मुलगी बेथनी कॉलेज अर्ध्यावर सोडून हाय स्ट्रीटवरच्या एका पार्लरमध्ये केस कापायला शिकत होती. लिनेटनं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. "उमेदवारी कसली करतेस, नीट शिक!" हे तिचं वाक्य बेथनीनं जपून ठेवलं होतं, ते आता व्याजासकट परत आलं.

"पहिले सहा महिने झाडू मारायचा," बेथनीनं आईला सांगितलं. "चहा करायचा. मोठी माणसं बोलत असली की मधे बोलायचं नाही. तिथंच तू नापास होणार, मम्मी."

क्लाइव्ह मासळीचा ट्रक चालवायचा. तो सिंकपाशी उभा राहून बटाटे सोलत म्हणाला, "घरात दोन दोन शिकाऊ, आणि चहा मात्र मीच करतोय."

पहिलं विघ्न आलं ते गणिताचं. अप्रेंटिसला शाळेतलं गणित पास असल्याचा दाखला लागतो, मग ती सोळाची असो की साठची. लिनेटचा दाखला दोन घरं बदलताना कुठेतरी गडप झाला होता, आणि ज्या शाळेनं तो दिला ती शाळा पाडून तिथं सुपरमार्केट झालं होतं. विद्यापीठातली मुलगी फोनवर फार गोड बोलली. दाखला नसेल तर परीक्षा द्यावी लागेल.

"अहो, मी रोज माणसांच्या शिरेत औषधं मोजून सोडते," लिनेट म्हणाली. "माझं गणित चुकलं असतं तर निम्मं गाव कबरस्तानात असतं."

"हो ना," मुलगी म्हणाली. "मंगळवार चालेल?"

बेथनीचीही तीच परीक्षा राहिली होती, म्हणून मायलेकी एकाच गाडीतून गेल्या. वाटेत लिनेटनं लेकीला धीर दिला, घाबरू नकोस, प्रश्न दोनदा वाच. तिनं स्वतः मात्र एकदाच वाचले. अंगणात फरशा बसवायच्या होत्या, मधे गोल हौद होता, आणि हौदाची जागा वजा करायची होती. लिनेटनं हौदातही फरशा बसवल्या. बेथनी पास झाली, आई दोन गुणांनी गेली.

"होतं असं," बेथनीनं आईच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या वेळी प्रश्न दोनदा वाच."

पुढच्या वेळी ती पास झाली. पण तोवर कॅज्युअल्टीत हौदाची गोष्ट पसरली होती, आणि पसरवणारी अर्थातच लिनेट स्वतःच. दुसऱ्या कुणी सांगून त्यात रंग भरला नसता, असं तिचं म्हणणं.

तिला शिकवायला नेमले ते डॉक्टर ओयेलारन. आता विभागाचे मोठे डॉक्टर, पण दहा-बारा वर्षांपूर्वी नायजेरियातल्या इबादानहून नवेकोरे आले तेव्हा लिनेटनंच त्यांना कुठल्या खणात काय आहे ते दाखवलं होतं. त्यांच्या पहिल्याच आठवड्यातली एक गोष्ट होती. बाहेरच्या खुर्चीत एक म्हातारा कोळी मान टाकून बसलेला. ओयेलारननी हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. त्यांनी धोक्याची घंटा दाबली, सगळा ताफा यंत्रं घेऊन धावत आला, आणि म्हाताऱ्यानं डोळा उघडून विचारलं, "चहा आला का?" कानातलं यंत्र खिशात ठेवून तो डुलकी काढत होता. लिनेट ही गोष्ट दर नाताळच्या पार्टीत करून दाखवायची, आधी म्हातारा, मग घाबरलेले डॉक्टर. लोक खुर्चीवरून पडायचे. ओयेलारनही हसायचे. बोलायचे काही नाहीत.

"तर सिस्टर," पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आता तुम्ही माझ्या हाताखाली."

"देवाची करणी," लिनेट म्हणाली.

खरं सांगायचं तर शिकणं तिला जड गेलं. नर्स म्हणून तिला वास यायचा, या माणसाचं काही खरं नाही. दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरून कळायचं. आता कळणं पुरेसं नव्हतं. का कळलं ते सांगावं लागायचं. ओयेलारन शांतपणे विचारायचे, "कशावरून?" आणि लिनेटची दातखीळ बसायची. अर्ध्या आयुष्यात तिला कुणी कशावरून विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं की लोक पळायचे. वर दर तीन महिन्यांनी विद्यापीठाचा एक कोवळा पोरगा संगणकावर यायचा, तिच्या प्रवासाबद्दल तिला काय वाटतं ते विचारायला. "बस बरी असते, पण बसायला जागा मिळत नाही," असं तिनं पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, तो प्रवास नाही, शिकण्याचा.

दुसऱ्या वर्षी पोट तपासायला शिकवलं. हात कसा ठेवायचा, कुठं दाबायचं, बोटांखाली काय लागतं. पोटातून जी मोठी रक्तवाहिनी जाते तिला कधी कधी फुगा येतो. कळला नाही आणि फुटला तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. विद्यापीठात हे सांगणाऱ्या बाईंनी चित्रंही दाखवली. लिनेटला ती चित्रं रविवारी जेवतानाही दिसत होती.

त्या रविवारी भाजलेलं मटण होतं, पिठाचं टम्म फुगवलेलं यॉर्कशायर पुडिंग होतं, वर रस्सा. जेवण झाल्यावर क्लाइव्ह सोफ्यावर आडवा झाला. अभ्यासासाठी लिनेटला पोट हवं होतं आणि हे पोट घरचं होतं.

"शर्ट वर कर."

"अगं, बेथनी घरात आहे."

"तपासायचंय, येड्या. हात बाजूला घे. श्वास घे."

"हात गार आहेत तुझे."

"गप पड."

क्लाइव्ह म्हणजे काडीपैलवान. कितीही खाल्लं तरी अंगाला लागायचं नाही, आणि यावरून लिनेटचा त्याच्यावर जन्मभराचा राग. तिनं बेंबीच्या वर दोन्ही हातांची बोटं टेकवली, जरा दाबली. बोटांखाली धडधड लागली. ठक, ठक, ठक. अशी, की बोटं उचलली जावीत.

तिनं हात काढला. परत ठेवला. क्लाइव्ह त्रेसष्टचा. चाळिशीपर्यंत सिगारेट ओढायचा. त्याचा बाप असाच अचानक गेला होता, मासळीबाजारात उभ्या उभ्या. लिनेटच्या कानात पाणी भरल्यासारखं झालं.

"काय गं?" क्लाइव्ह म्हणाला. "मुलगा की मुलगी?"

"उठू नकोस. नाही, ऊठ. सावकाश ऊठ. बेथनी! गाडीच्या किल्ल्या!"

रस्त्यात तिनं विभागात फोन केला. काय बोलली ते तिला आजही धड आठवत नाही. पण ज्यांनी ऐकलं त्यांना शब्दन् शब्द पाठ आहे. महाधमनीला फुगा, केव्हाही फुटेल, रक्ताच्या पिशव्या काढा, सर्जनला उठवा. दुपारचे तीन वाजलेले. सर्जन जागाच होता. मागच्या सीटवर क्लाइव्ह लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गाडीच्या टपाकडे बघत पडला होता. त्याला घरून निघाल्यापासून एकच म्हणायचं होतं, की त्याला काही होत नाहीये. पण आपल्या बायकोला इतकं घाबरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आता तोही घाबरला, घाबरल्यानं घामाघूम झाला, आणि घाम बघून लिनेटनं लाल सिग्नल तोडला.

दारात स्ट्रेचर तयार होतं. आत मोठ्या खोलीत सगळे हातमोजे चढवून उभे. क्लाइव्हचा शर्ट कापला; तो त्याचा रविवारचा शर्ट होता. ओयेलारननी सोनोग्राफीचं यंत्र ओढलं, पोटावर जेली पिळली आणि पडद्याकडे बघू लागले. लिनेट नवऱ्याचा हात धरून उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाशी भांडण न करता बोलत होती.

ओयेलारननी एका बाजूनं मोजलं. दुसऱ्या बाजूनं मोजलं. मग यंत्र बाजूला ठेवलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "धमनी उत्तम आहे. पाठ्यपुस्तकात छापावी अशी."

"पण मला लागली ना! धडधडत होती!"

"धडधडायलाच हवी, सिस्टर. तुमचे यजमान बारीक आहेत. बारीक माणसात ती हाताला लागतेच." त्यांनी जेली पुसायला कागद पुढे केला. "पोट मात्र फार भरलेलं दिसतंय."

"मटण," क्लाइव्ह म्हणाला. मग त्यानं उठून सभोवार उभ्या असलेल्या मंडळींकडे बघितलं आणि विचारलं, "आता चहा मिळेल का?"

पुढचं सांगायची गरज नाही. पण लोक सांगतात. सर्जनला दारातच गाठून परत पाठवलं, तेव्हा हसता हसता त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. लिनेटच्या कपाटाच्या दारावर कुणीतरी वाढप्याच्या ताटाएवढं यॉर्कशायर पुडिंगचं चित्र चिकटवलं, खाली लिहिलं, 'हात लावण्यापूर्वी ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा.' क्लाइव्ह आठवडाभर पबमध्ये स्वतःच्या पैशानं प्यायला नाही. कापलेला शर्ट घालून तो तिथं जायचा.

लिनेट हसली. सगळ्यांबरोबर हसली, सगळ्यांत मोठ्यानं हसली, फोनवरच्या आपल्या आवाजाची नक्कलही करून दाखवली. आणि गुरुवारी विद्यापीठाची बस तिनं समोरून जाऊ दिली. बसथांब्यावर बसून राहिली, मग चालत रुग्णालयात गेली आणि ओयेलारनच्या खोलीत शिरली. ते सँडविच खात होते.

"मी सोडतेय," ती म्हणाली. "हे आपलं काम नाही. नर्स होते तेव्हा मला कळत तरी होतं. आता ना धड नर्स ना धड काही. माणसाच्या पोटाला हात लावायची भीती वाटायला लागलीय मला."

"बसा ना."

"बसायला नाही आले. घरच्याच माणसाला मारून ठेवलं होतं मी जवळपास. आणि वर हे सगळे दात काढतायत."

ओयेलारननी सँडविच खाली ठेवलं. "सिस्टर, तो म्हातारा आठवतो? कानात यंत्र नसलेला?"

लिनेटच्या गालावर हसू यायला लागलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

"त्या वेळी मी इबादानला फोन केला होता," ते म्हणाले. "आईला म्हटलं, परत येतो. ती म्हणाली, माणूस मेला का? म्हटलं, नाही, चहा पितोय. म्हणाली, मग कशाला येतोस?"

"आणि मी ती गोष्ट…"

"दर नाताळला. चहाचा भाग छान करता तुम्ही. घाबरलेला मी मात्र जास्तच घाबरट होतो तुमच्या नाटकात."

लिनेट खुर्चीत बसली. दहा वर्षं हा माणूस ताटावर बसून ते ऐकत होता, आणि तिला वाटायचं, त्यालाही मजा येतेय.

"तू सांगायचंस ना मला," ती म्हणाली. गडबडीत अहोजाहो राहून गेलं.

"तुम्हाला?" ओयेलारन हसले. "मला तुमची भीती वाटायची. अजून वाटते. आता या नाताळला तुमची गोष्ट मी करणार. शर्ट कापून घ्यायला माणूस शोधतोय."

"क्लाइव्ह येईल," ती म्हणाली. "त्याला आता सवय झालीय."

तिनं सोडलं नाही. सोडायचं कारण संपलं होतं असं नाही. पण त्या खोलीतून उठून पुन्हा गिलियनकडे जायचं आणि सगळं सांगायचं, याचाच तिला कंटाळा आला.

वसंतात एक माणूस आला. जाडजूड, साठीचा, कारवान पार्कचा, म्हणजे चाकांवरच्या सुट्टीच्या घरांच्या तळाचा मालक. कमरेतून कळ येत होती, म्हणत होता मुतखडा आहे, मागेही झाला होता. पोट एवढं मोठं की दाबून काही लागेना. लिनेटला काही कळलं नाही. मुतखडाच असावा. पण वय, कळ, रंग जरा उतरलेला. बाहेर सगळे बसले होते. आपण आता काय म्हणणार आणि ते कसे एकमेकांकडे बघणार, ते तिला लख्ख दिसलं. तिचे कान आधीच गरम झाले.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर, मला खात्री नाही. मुतखडा वाटतोय. पण तो फुगा नाही हे मला सांगता येत नाही. यंत्र घेऊन याल का?"

कुणीतरी खोकलं. एका नर्सनं विचारलं, "रविवारी काय जेवलाय तो?"

"विचारते," लिनेट म्हणाली. "तू यंत्र आण."

मुतखडाच निघाला. सगळे हसले, कारवानवालाही हसला, नंतर उलटी केली. ओयेलारन यंत्र पुसत म्हणाले, "कशावरून बोलावलंत?" आणि या वेळी लिनेटनं त्यांना बोटांवर मोजत कारणं सांगितली, एकेक. ती संपेपर्यंत ते ऐकत राहिले.

"पुन्हा असा आला तर?"

"पुन्हा बोलावेन."

"बोलवा," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

शेवटची परीक्षा संगणकावरच झाली. दोन परीक्षक, एक बाई, एक बुवा. घरी सगळं बजावून ठेवलं होतं, तरी क्लाइव्ह मागून पायजम्यात एकदा गेलाच. बाईंनी शेवटी विचारलं, "तुमचा निर्णय चुकला, असा एखादा प्रसंग सांगाल?"

"एखादा?" लिनेट म्हणाली. "वेळ किती आहे तुम्हाला?"

तिनं मटणापासून सुरुवात केली. सर्जनपर्यंत पोचली तेव्हा बाईंच्या चौकोनात अंधार झाला. बुवा म्हणाले, तांत्रिक अडचण असावी. बाई परत आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल होतं.

"आणि यातून तुमच्या कामात काय बदललं?" त्यांनी विचारलं.

लिनेटनं यासाठी एक मोठं उत्तर पाठ केलं होतं, त्यात संशोधनाचे पाच संदर्भ होते. त्यातला एकही आठवेना.

"पूर्वी खात्री असली की बोलायचे," ती म्हणाली. "आणि मला सदानकदा खात्री असायची. आता खात्री नसली तरी बोलते. खात्री नाही असं सांगून बोलते. लोक हसतात कधी कधी. हसू देत. मीपण फार हसलेय लोकांना."

पदवीदान लिंकन शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये झालं. क्लाइव्हनं लग्नातला सूट घातला. त्या हलकटाला तो अजून बसत होता. बेथनीनं आईचे केस इतके उंच बांधले होते की चौकोनी टोपी खांबावर बसलेल्या सीगलसारखी डुलत होती. लिनेटच्या आधी नाव पुकारलेली मुलगी तेवीसची होती, आणि मंचावरचा माणूस लिनेटला तिची आई समजून हात मिळवायला विसरला. लिनेटनं त्याचा हात ओढून घेतला.

सोमवारी ती नव्या गणवेशात कामावर गेली. पहिली पेशंट मिसेस टास्कर, ऐंशीच्या पुढची, कुत्र्याला फिरवताना पडलेली. मनगट सुजलं होतं. लिनेटनं नाव सांगितलं, नवा हुद्दाही सांगितला. तो लांबलचक होता.

"बरं," मिसेस टास्कर म्हणाल्या. "डॉक्टर कधी येणार, पोरी?"

"मीच तपासणार आहे तुम्हाला."

"म्हणजे तू डॉक्टर."

"नाही, डॉक्टर नाही."

"मग नर्स."

"नर्स आहेच. पण आता नर्सच्या वर… म्हणजे मास्टर्स केलीय मी. अप्रेंटिस होते तीन वर्षं."

"या वयात?" म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तिच्या डोळ्यांत दया आली. मग तिनं सुजलेला हात पुढे केला. "असू दे. मग बघ ना हात. केव्हाचा ठणकतोय."